प्रोटॉनच्या पोटात काय?

प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क, एवढे मीही पाठ केले होते. हिशेब मांडला की गाडे अडते. १९६८ च्या सुमारास स्टॅनफर्डला प्रोटॉनवर वेगवान इलेक्ट्रॉन आदळवले, तेव्हा आत कण दिसले. फाइनमननी त्यांना ‘पार्टॉन’ म्हटले, ‘पार्ट’वरून, सरळच! पण सगळ्या क्वार्कांचा मिळून संवेग जेमतेम निम्मा भरला. उरलेला ग्लुऑनांकडे. म्हणून प्रश्न असा विचारायचा: धावत्या प्रोटॉनच्या संवेगाचा अमुक हिस्सा बाळगणारा पार्टॉन सापडण्याची शक्यता किती? मात्र जितके बारकाईने पाहावे तितके थोडा थोडा संवेग बाळगणारे ग्लुऑन, क्वार्क आणि प्रतिक्वार्क वाढत जातात. किती बारकाईने पाहिले ते सांगितल्याखेरीज या वाटणीला अर्थच नाही. जिनिव्हाजवळच्या महायंत्रातल्या टकरींची भाकिते तिच्यावरच उभी असतात, आणि ती अजून मुख्यतः प्रयोगांतूनच काढावी लागते.