गुडघा बदलला; आता दुखण्याचे काय करायचे?

कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. तेव्हापासून शस्त्रक्रियेच्या खर्चाची चर्चा होते. घरी परतल्यानंतरच्या दुखण्याबद्दल मात्र कमी बोलले जाते. धाराशिव जिल्ह्यातले रुग्ण सोलापूर, लातूर किंवा पुण्यात शस्त्रक्रिया करून गावी येतात, तेव्हा डॉक्टर लांब असतात. अशा वेळी काय करावे?

दुखणे किती दिवस?
शस्त्रक्रियेत झिजलेला भाग कापून धातू व प्लास्टिकचा सांधा बसवतात. भुलीचा असर ओसरला की दुखणे वाढल्यासारखे वाटते. पहिले दोन आठवडे त्रास जास्त असतो. सहा आठवड्यांत तो बहुतेकांचा बराच कमी होतो. सूज काही महिने राहू शकते.

गोळी कधी घ्यावी?
दुखणे असह्य होईपर्यंत थांबू नका. डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळीच गोळी घ्या. व्यायाम तिच्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने करा, म्हणजे गुडघा वाकवणे सोसते. दुखते म्हणून पाय हलवलाच नाही, तर सांधा आखडतो आणि पुढे मोकळा करणे अवघड जाते. मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणू नका. मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील, तर त्या घातक ठरू शकतात.

घरी काय काळजी घ्यावी?
• कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवा. गरम शेक, तेल, मालिश नको.
• झोपताना उशी गुडघ्याखाली नको, टाचेखाली ठेवा.
• वॉकर घेऊन थोडे थोडे चाला. सूज वाढली तर चालणे कमी करा, व्यायाम बंद करू नका.
• उंच खुर्ची व कमोड वापरा. जमिनीवर बसू नका.
• तुळजाभवानीचा नवस फेडायचा असला, तरी मंदिराच्या पायऱ्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच उतरा.

डॉक्टरांना लगेच कधी दाखवावे?
ताप, जखमेतून पू किंवा पाणी येणे, वाढती लाली, पोटरी दुखून सुजणे ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठा. छातीत दुखले किंवा धाप लागली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.

रुग्णालयातून निघतानाच गोळ्यांच्या वेळा, व्यायामाचा तक्ता आणि अडचणीत फोन करायचा क्रमांक कागदावर लिहून घ्या.