कडेवरून सुरुवात, मधून उत्तर
२८ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिला बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम लढत टायब्रेकपर्यंत गेली होती. आधीचे तिन्ही डाव बरोबरीत सुटलेले. जलद प्रकारातल्या दुसऱ्या डावात पांढरी मोहरी अनुभवी कोनेरू हम्पीकडे, काळी नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखकडे. हम्पीने कॅटलान नावाची सुरुवात मांडली. यात पांढऱ्याचा राजाकडचा उंट कडेला बसून तिरक्या रेषेतून पटाचा मध्य रोखतो.

पहिली चाल पांढऱ्याची, म्हणून काळ्याला सुरुवातीला एक पाऊल मागूनच खेळावं लागतं. पण पांढऱ्याने कॅटलानसारखा मध्य न रोखता, त्याकडे पाठ फिरवून कडेचं प्यादं आधी सरकवलं, तर काळ्याला मोकळं रान मिळतं. मग प्यादी मध्यात घालायची आणि मोहरी झपाट्याने बाहेर काढायची.

याचा एक प्रसिद्ध दाखला १९७० सालचा. बेलग्रेडमध्ये सोव्हिएत संघाचा सामना उर्वरित जगाशी होता. पहिल्या पटावर डेन्मार्कच्या बेंट लार्सनने वजिराकडच्या घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवून डाव उघडला. समोर जगज्जेता बोरिस स्पास्की. त्याने लगेच राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं आणि चौथ्या चालीला तेच आणखी पुढे रेटून लार्सनच्या घोड्याला हुसकावलं. पहिल्या सहा चालींतल्या तीन चाली लार्सनने त्या एकाच घोड्यावर खर्चल्या. स्पास्कीचा किल्लेकोट नवव्या चालीला झाला. लार्सनचा राजा मधेच उभा, वजिराकडचा हत्ती आणि घोडा अजून जागचे हललेले नाहीत.

मग स्पास्कीने आधी घोडा देऊ केला. चौदाव्या चालीला त्याचा हत्ती थेट पांढऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला, पाठीशी कुणीही नसताना! लार्सनने तो मारला, पण त्या एका चालीत काळं प्यादं वजीर होण्यापासून एका घरावर आलं. सतराव्या चालीला ते वजीर झालं आणि लार्सनने डाव सोडला.

बाटुमीचा डाव इतका झटपट संपला नाही. कॅटलानमध्ये पांढरा मध्य सोडत नाही, त्यामुळे दिव्याला तो घराघराने लढवावा लागला. घड्याळही मागे लागलं होतं. अखेर हम्पी चुकली आणि काळी मोहरी जिंकली. दिव्याला तोवर ग्रँडमास्टर किताबासाठी एरवी लागणारा एकही नॉर्म, म्हणजे पात्रता-टप्पा, मिळालेला नव्हता. या विजयाने तो किताब थेट हाती आला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. डाव संपल्यावर ती आईला मिठी मारून रडली.