अंगठा, सही आणि संमती

कोपरगाव हे अहिल्यानगर जिल्ह्याचे उत्तर टोक, जामखेड आग्नेयेचे. एकीकडे गोदावरीचे कालवे, ऊस, कोळपेवाडीचा आणि संजीवनी असे दोन साखर कारखाने. दुसरीकडे पावसाची वाट पाहणारा माळ आणि दिवाळीच्या सुमाराला तिथून ऊसतोडीसाठी बाहेर पडणारी बिऱ्हाडे. स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेण्यात रुग्णाला किती वाटा मिळाला, याचा गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा मागोवा घ्यायला याहून चांगला जिल्हा सापडणे कठीण आहे. हा वाटा कसा देता येतो हे जामखेडने जगाला दाखवले. तो कसा हातातून निसटतो हे उसाच्या पट्ट्याने दाखवले. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो. कागदावर सही किंवा अंगठा घेतल्याने संमती तयार होत नाही. जाणते आणि शस्त्रक्रियेच्या बिलात ज्याचा काही हिस्सा नाही असे माणूस रुग्णाच्या शेजारी बसलेले असते, तेव्हा ती तयार होते.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला काम सुरू केले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्याकडे दवाखाना नव्हे, पाणी आणि धान्य मागितले. आरोळ्यांनी ते ऐकून घेतले आणि कामाचा क्रम त्याप्रमाणे लावला. माझ्या दृष्टीने या प्रकल्पातला पहिला वैद्यकीय निर्णय हाच, आणि तो गावाने घेतलेला होता. शिकलेल्या नर्सनी खेड्यात राहावे हा प्रयत्न जमला नाही, म्हणून गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवायचे ठरले. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती, अनेक दलित वस्तीतल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, परत जाऊन शेजारणीला सांगत. जुलाब लागलेल्या पोराला काय द्यायचे, गर्भारणीची कोणती खूण दिसली की थांबायचे नाही, कोणता ताप घरी उतरतो आणि कोणता नाही, हे ज्ञान दवाखान्याच्या भिंतीबाहेर पडले. प्रकल्पाच्या गावांत 1971 मध्ये दर हजार जन्मांमागे 176 अर्भके दगावत होती. 1976 मध्ये हा आकडा 52 वर आला. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बालमृत्यूच्या घसरणीची चर्चा पुष्कळ झाली. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की गावाने निवडलेल्या या बाईचे पोट औषधाच्या विक्रीवर चालत नव्हते. तिने ‘डॉक्टरकडे जा’ म्हटले काय आणि ‘जाऊ नको, घरीच बरे होईल’ म्हटले काय, तिला त्यातून कमिशन नव्हते. म्हणून तिच्या शब्दाला वजन होते.

जामखेडची ही वाट बाजूला राहिली आणि रुग्णाच्या हक्काची चर्चा पुढे न्यायालयांकडे सरकली. 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला, 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत आणली, 1996 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केसपेपरच्या प्रती मागण्याचा रुग्णाचा हक्क मान्य केला. हा शेवटचा निकाल मला फार मोलाचा वाटतो, कारण फाईल हातात नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला विचारायचे तरी कशाच्या आधारावर? पण संमतीचा खरा प्रश्न सोडवला तो 16 जानेवारी 2008 च्या समीरा कोहली खटल्याने. तपासणीपुरती भूल दिलेल्या 44 वर्षांच्या अविवाहित स्त्रीचे गर्भाशय, ती बेशुद्ध असताना, बाहेर बसलेल्या आईच्या होकारावर काढून टाकले होते. सर्वोच्च न्यायालयाने बजावले की तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि सज्ञान, सक्षम स्त्रीसाठी दुसरे कुणी, मग ती आई का असेना, होकार देऊ शकत नाही. भरपाई ठरली पंचवीस हजार रुपये. डॉक्टरांची फीही गेली.

याच निकालात एक कच्चा दुवा राहिला. रुग्णाला किती सांगायचे, याचे माप न्यायालयाने वैद्यकीय व्यवसायाच्या रीतीवर सोडले. इथले बहुतेक रुग्ण गरीब, कमी शिकलेले, डॉक्टरांच्या शब्दावर विसंबणारे आहेत आणि डॉक्टरांवर कामाचा भार मोठा आहे, असे कारण दिले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये माँटगोमेरी खटल्यात हे माप बदलले: समोरच्या रुग्णाला जे महत्त्वाचे वाटेल ते सांगितलेच पाहिजे. आपल्याकडे गरिबी आणि निरक्षरता हे कमी सांगण्याचे कारण ठरले. अक्षरओळख नसलेल्या जामखेडच्या बायका मात्र तीस-पस्तीस वर्षे आधीच याचे उत्तर देऊन बसल्या होत्या. वाचता न येणे आणि समजून न घेता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता उसाच्या फडाकडे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल फिटेपर्यंत सुट्टी नाही, आणि एक दिवस चुकला की ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. मोळ्या डोक्यावर वाहायच्या, कोपीत राहायचे, पाण्याची आणि आडोशाची सोय बेताची. लग्न लहान वयात, बाळंतपणे लागोपाठ. अंगावरून जाते, कंबर दुखते, म्हणून बाई दवाखान्यात जाते आणि ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ हे वाक्य ऐकून परत येते. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2016-17 ते 2018-19 या तीन वर्षांत 99 खासगी रुग्णालयांत 4,605 गर्भाशये काढली गेल्याची माहिती जून 2019 मध्ये विधिमंडळात दिली गेली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे सुमारे दर सहा जणींत एक. देशभरातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे तीन टक्के आहे. वयोगटाचा फरक धरला तरी ही दरी साधी नाही. पिशवी कोणत्या जिल्ह्यात काढली हे कागदावर राहते. ज्या श्रमाने बाई तिथवर पोहोचते, ते कोपरगावसारख्या कारखान्यांच्या तालुक्यांत घडलेले असते.

इथे सर्वांत जोरदार आक्षेप असा की बायका स्वतःच मागतात. डॉक्टर हे सांगतात, आणि काही बायकाही सांगतात. ते खोटे मानण्याचे कारण नाही. दरमहा खाडा पडतो, पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाही, मुले झालेली आहेत, मग ही कटकट एकदाची संपवावी असे वाटणे साहजिक आहे. पण निवड म्हणायची तर दुसरी वाट दिसायला हवी. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. त्या आजारांपैकी निम्मे जंतुसंसर्गाचे होते, म्हणजे औषधाने बरे होण्याजोगे. पांढऱ्या पदराला गोळ्या असतात, जास्त रक्तस्रावाला आधी तपासणी आणि औषधे असतात, पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर तिशीतच पाळी गेल्यासारखी हाडे ठिसूळ होऊ लागतात, एवढे ऐकल्यावरही जी बाई शस्त्रक्रिया मागेल तिचा हट्ट मी मान्य करीन. हे न ऐकता दिलेला होकार मला संमती वाटत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. शंभर रुग्णांच्या ओपीडीत समजावत बसणार कोण? अडचण खरी आहे, पण समजावण्याचे काम डॉक्टरनेच करावे असे कुठे आहे? जामखेडने तेच तर मोडून काढले. तिसरा आक्षेप असा की आपल्या रुग्णाला निर्णय नकोच असतो, तो ‘तुम्हीच ठरवा डॉक्टर’ म्हणतो. पर्याय कळल्यावर कुणी असे म्हटले तर तो विश्वास आहे, आणि त्याचा मान राखावा. पर्याय न कळताच म्हटले तर त्यात विश्वास किती आणि नाइलाज किती, ते सांगता येत नाही.

शासनाने काय केले? बीडमध्ये 2019 पासून पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. 2021 मध्ये राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत बदल करून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे आवश्यक केले. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश राज्यांना दिला. परवानगीचा ब्रेक हवाच होता. मी त्याच्या विरोधात नाही. मात्र त्याने निर्णय एका डॉक्टरकडून दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, बाईकडे आला नाही. भिंतीवरची सनद वाचायला वेळ आणि त्यातला हक्क मागायला धीर लागतो; उचलीखाली दबलेल्या बाईकडे दोन्ही नसतात.

2005 नंतर आलेली आशा स्वयंसेविका ही जामखेडच्या बाईची वारसदार मानली जाते. हजार लोकसंख्येमागे एक, गावातलीच, हे खरे. पण तिचा मोबदला बराचसा ठरावीक कामांना जोडलेला आहे. अमुक बाळंतपण दवाखान्यात झाले तर पैसे मिळतात, अमुक बाईशी तासभर बोलून शस्त्रक्रिया टळली तर काहीच नाही. शिवाय ऊसतोड बाईची आशा तिच्या गावात राहते आणि बाई पाच-सहा महिने कोपरगावच्या फडात. इथल्या आशेच्या यादीत तिचे नाव नाही, तिथल्या यादीत आहे पण ती हजर नाही.

कारखान्याला मात्र प्रत्येक टोळी ठाऊक असते. कोणत्या फडावर किती कोयते, कुणाचा किती टन ऊस आला, हे वजनकाट्याच्या पावतीवर रोज उतरते. त्याच टोळीच्या तळावरच्या एका बाईला टोळीने निवडावे, ग्रामीण रुग्णालयाने आठवड्यातून एकदा शिकवावे, त्या दिवसाचा खाडा कारखान्याने भरावा आणि तिचा मोबदला ‘किती जणींना पाठवले’ यावर नव्हे, महिन्याला ठरलेला असावा. पिशवी काढण्याचा सल्ला मिळालेली बाई कागद घेऊन आधी तिच्याकडे जाईल, आणि दोघी मिळून दुसऱ्या डॉक्टरकडे जातील. जामखेडच्या पद्धतीत यापेक्षा वेगळे काही नव्हते, आणि तिथून कोपरगावला ऊस तोडायला माणसे दरवर्षी येतातच.