बाबूराव अर्नाळकर आणि लेखकाचा हक्क

वसई तालुक्यातील अर्नाळ्याचे नाव हजाराहून अधिक मराठी पुस्तकांवर छापले गेले, कारण चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६) यांनी आपल्या रहस्यकथा बाबूराव अर्नाळकर या टोपणनावाने लिहिल्या. झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू ही पात्रे पुस्तकागणिक परत येत असल्यामुळे त्यांचा चाहता पुढचे पुस्तक आपणहून शोधत असे, आणि त्या अर्थाने पात्रांनीच लेखकाची जाहिरात केली. इतका मोठा वाचकवर्ग घडवणाऱ्या या श्रमांची समीक्षेने अपुरी दखल घेतली, हा अन्यायच म्हणावा लागेल. आजच्या कथालेखकाला प्रकाशक मिळाला तरी समाजमाध्यमांवर पुस्तकाचा प्रचार बहुधा स्वतःच करावा लागतो, आणि स्वामित्वधन, म्हणजे विकल्या गेलेल्या प्रतींच्या किमतीतील लेखकाचा ठरलेला वाटा, विक्रीनुसारच हाती येतो. एकरकमी मोबदल्यात सर्व हक्क विकणाऱ्याला मात्र पुढील आवृत्त्यांतून सहसा काही मिळत नाही. भारतीय कायद्यानुसार लेखनाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकत असल्याने अर्नाळकरांच्या पुस्तकांवरील हक्क २०५६ च्या अखेरपर्यंत कायम राहील, परंतु असा हक्क वारसांकडे राहतो की प्रकाशकाकडे जातो, हे लेखकाने सही केलेल्या करारावर अवलंबून असते.