डिफरन्शियलचे सोबती

माझदा कंपनीची एमएक्स-५ ही उघड्या टपाची दोन आसनी मोटार १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि २०१६मध्ये हिरोशिमाच्या कारखान्यातून तिची दहा लाखावी गाडी बाहेर पडली; मात्र पहिल्या पिढीच्या गाड्या जपणाऱ्यांचा खरा कस लागतो तो गाडीच्या पोटाखाली, मागच्या डिफरन्शियलपाशी. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना शक्ती पोचवतानाच त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही दातेरी चक्रांची पेटी. १.६ लिटर इंजिनाच्या सुरुवातीच्या गाड्यांत तिचे मोठे चक्र, म्हणजे क्राऊन, सुमारे ६ इंच व्यासाचे होते, १९९४च्या १.८ लिटर आवृत्तीत ते ७ इंचांचे झाले. जुन्या इंजिनाला टर्बो जोडला की लहान क्राऊन-पिनियन तग धरत नाही, आणि मग नंतरच्या गाडीची पेटी जुन्या गाडीत बसवण्याचा घाट घातला जातो.

ही पेटी एकटी येत नाही. जुन्या पेटीतून बाहेर आलेल्या चकतीला ड्राइव्हशाफ्ट नट-बोल्टने जोडलेले असतात, तर नव्या पेटीत शाफ्टचे दातेरी टोक थेट आत सरकते आणि तारेच्या एका बारीक कड्याने अडकून राहते; पुढून येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टची जोडणीही निराळी असल्याने तोही बदलावा लागतो. सुदैवाने चाकाच्या हबमध्ये शिरणाऱ्या बाहेरच्या टोकाचे दाते दोन्ही आवृत्त्यांत जुळतात, आणि अभियंत्यांनी न बदललेल्या या एका मापावरच अदलाबदलीचा सगळा डोलारा उभा आहे.

शाफ्टची रचना मन लावून पाहण्याजोगी आहे. साधा क्रॉस-जॉइंट कोनात फिरला की पलीकडची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा घटते. तो दोष टाळणारा, खाचांत बसलेल्या पोलादी गोळ्यांचा सांधा आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२०च्या दशकात घडवला, आणि आजही चाकाकडच्या टोकाला बहुधा त्याच तत्त्वाचा सांधा असतो. डिफरन्शियलकडचा सांधा लांबीतही सरकतो, कारण चाक वर-खाली झाले की हब आणि पेटी यांतले अंतर बदलते. त्यामुळे काढताना मधला दांडा ओढला तर सरकता सांधा आतल्या आत निसटू शकतो. पहार टेकवायची ती सांध्याच्या कवचाला, आणि तीही तेलाच्या सीलची कड जपून, कारण तिच्यावरचा एक ओरखडाही पुढे गळतीला पुरतो.

त्याआधी हबवरचा मोठा नट सुटावा लागतो. त्याची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती छिन्नीने उचलल्याशिवाय पाना लावला तर आटे खरवडतात. नट निघाल्यावरही गंजलेले दाते हबला सोडत नाहीत, आणि उघड्या टोकावर घण घातला की ते पसरून शाफ्ट कायमचा निकामी होतो. म्हणून शहाणा कारागीर नट पुन्हा टोकाच्या पातळीपर्यंत चढवून पुलरने दाब देतो. या गाडीत गिअरबॉक्सची शेपटी आणि डिफरन्शियल यांना अ‍ॅल्युमिनियमची एक लांब चौकट जोडते. ती सोडण्यापूर्वी गिअरबॉक्सखाली जॅक दिला नाही तर ती शेपटी खाली लोंबते.

१.८च्या गाडीचे शाफ्ट मिळाले तर काम इथवर सोपे म्हणायचे. पण दुसऱ्याच कंपनीची भक्कम पेटी बसवायची झाली तर बाहेरचा सांधा एका गाडीचा, आतला दुसऱ्या गाडीचा आणि मधला दांडा नव्याने घडवलेला, अशी जुळणी करावी लागते. दोन दांडे कापून वेल्डिंगने सांधण्याचा मोह इथे घातक ठरतो, कारण उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि पीळ पडताच दांडा नेमका त्या जागी तुटू शकतो. लांबीचे माप तर गाडी स्टँडवर चढवून, स्प्रिंग काढून, चाक तळापासून माथ्यापर्यंत सरकवत दोन्ही बाजूंना स्वतंत्र घ्यावे लागते, कारण पेटी मध्यरेषेपासून जराशी सरकलेली असली तरी डावा आणि उजवा शाफ्ट सारखा राहत नाही. लांब दांडा चाक उसळताच पेटीवर आदळतो, आखूड दांडा चाक लोंबताच सांध्यातून बाहेर येतो.