घटना टिपणारा जॉब

मायक्रोसॉफ्टने लिंक्डइन २६.२ अब्ज डॉलरना विकत घेत असल्याचं १३ जून २०१६ रोजी जाहीर केलं. ही बातमी कुणीही वाचून समजून घेईल. पण अशा हजारो बातम्यांमधून कोणी, कोणाला, केवढ्याला आणि कधी घेतलं एवढंच वेचून काढायचं असेल, तर वाचणारी माणसं पुरी पडत नाहीत. ॲमेझॉनच्या ‘कॉम्प्रिहेंड’ या क्लाउड सेवेत २०२० साली त्यासाठीच ‘इव्हेंट्स डिटेक्शन’ जॉब, म्हणजे कागदांचा गठ्ठा एकदम सोपवून करून घ्यायचं काम, आला.

कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकेत १९८७ पासून ‘मेसेज अंडरस्टँडिंग कॉन्फरन्स’ नावाच्या चाचण्या भरत. त्यांतल्या सहाव्या, १९९५ च्या चाचणीत बातम्या वाचून कंपनीच्या बड्या पदावर कोण आलं आणि कोण गेलं, ते प्रोग्रॅमने सांगायचं होतं. आजच्या जॉबमधल्या ‘एम्प्लॉयमेंट’ या घटनाप्रकाराचं कूळ मला तिथलंच वाटतं.

जॉब लावताना पहिला प्रश्न येतो तो घटनाप्रकारांचा. दिवाळखोरी, नेमणूक आणि राजीनामा, कंपनीची खरेदी, विलीनीकरण, गुंतवणूक, आयपीओ, राइट्स इश्यू, स्टॉक स्प्लिट अशी ठरलेली यादी आहे. तीतून हवे ते आपण निवडायचे. दिवाळखोरीवर खूण केली नाही, तर पानभर दिवाळखोरीची बातमी असली तरी जॉब तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. म्हणून ही निवड बातम्या वाचणाऱ्या माणसाला शेजारी बसवूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

मग एसथ्री बकेटचा, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या साठवणीच्या कपाटाचा पत्ता. कागद कुठून उचलायचे, निकाल कुठे ठेवायचा. बकेट सेवेच्याच रीजनमध्ये हवी. सोबत एक ‘रोल’ द्यावा लागतो. हा रोल म्हणजे मुखत्यारपत्रच: अमुक कपाटातलं वाचायची आणि तमुक कपाटात ठेवायची मुभा, त्यापलीकडे काही नाही.

खरी मेख इनपुट फॉरमॅटमध्ये आहे. एका फाइलमध्ये एक दस्तऐवज, की एका ओळीत एक दस्तऐवज? पर्याय दोनच. एकदा मी परिच्छेद पाडलेल्या बातम्यांना दुसरा पर्याय लावला. जॉब बिनबोभाट ‘कम्प्लीटेड’ झाला, लाल अक्षरात काही आलं नाही. निकाल उघडला तेव्हा कळलं, की प्रत्येक परिच्छेद स्वतंत्र कागद धरला गेला होता. पहिल्या परिच्छेदात कंपनीचं नाव होतं, तिसऱ्यात नुसतं ‘द कंपनी’. दोघांची गाठ तुटली आणि खरेदीदार निनावी राहिला. परवानगी चुकली तर जॉब पडतो, निदान समजतं तरी. हे चुकलं तर सगळं सुरळीत दिसतं, आणि तीच भीती मोठी.

निकाल कॉम्प्रेस केलेल्या फाइलमध्ये येतो. आत जेसन या मांडणीत दोन याद्या असतात, एन्टिटीज (नावं, रकमा, तारखा) आणि इव्हेंट्स (घटना). समजा इंग्रजी वाक्य आहे, ‘मायक्रोसॉफ्ट अक्वायर्ड लिंक्डइन’. रोमन लिपीत मायक्रोसॉफ्टची अक्षरं नऊ, म्हणून त्या नावाची जागा ० ते ९. ‘अक्वायर्ड’ची १० ते १८. हा शब्द म्हणजे ट्रिगर, त्याच्यावरून घटना ओळखली जाते. घटनेखाली पात्रं लागतात: घेणारा कोण, कोणाला घेतलं, रक्कम, तारीख. प्रत्येक उल्लेखाला दोन गुण मिळतात. एक त्या ओळखीच्या खात्रीचा, दुसरा हा उल्लेख एकाच गोष्टीच्या उल्लेखांच्या गटातला आहे याच्या खात्रीचा. पुढे ‘द कंपनी’ आलं की ते मायक्रोसॉफ्टच्या गटात बसलं का, हे दुसऱ्या आकड्यावरून जोखता येतं. मी तपासायला तिथूनच सुरुवात करते.

हा जॉब फक्त इंग्रजी मजकूर घेतो. कॉम्प्रिहेंड मजकूर मराठीत आहे एवढं ओळखतं, पण त्यातली घटना टिपत नाही. मराठीत ते काम उभं करायचं, तर एकट्या ‘घेणे’पाशीच बराच मुक्काम करावा लागेल. टाटांनी कोरस घेतली, ही खरेदी. अध्यक्षांनी सूत्रं हाती घेतली, ही नेमणूक. उमेदवाराने माघार घेतली, मंत्र्याने शपथ घेतली, बँकेने हरकत घेतली. ट्रिगर कोणता धरायचा, ते ‘घेतली’च्या आधीचा शब्द सांगतो.