आजचा सांधा, परवाचा तडा

जुलैतली सकाळ. भोसरीतल्या फॅब्रिकेशन शेडच्या कोपऱ्यात एक ओव्हन धगधगतो आहे. त्यात वेल्डिंगच्या रॉड भाजल्या जातात. ७०१८ जातीच्या रॉड साधारण ३५० अंशांवर तास-दोन तास भाजायच्या, मग शंभराच्या वर तापमान राखणाऱ्या दुसऱ्या ओव्हनमध्ये ठेवायच्या आणि वेल्डरने त्यातल्या थोड्या-थोड्याच गरम डब्यातून जॉबपाशी न्यायच्या. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा राहिला, तर त्या रॉड वापरायच्या नाहीत, परत भट्टीत टाकायच्या. हे पाळलं जातं की नाही यावर नजर ठेवणाऱ्या वेल्डिंग इंजिनिअरच्या हातात होल्डर नसतो. म्हणून छोट्या कंत्राटदाराला त्याचा पगार जास्तीचा वाटतो. तो जास्तीचा का नाही, याचं उत्तर या ओव्हनपासूनच सुरू होतं.

रॉडवरचं कोटिंग म्हणजे खनिजांची भुकटी. पावसाळी हवेतला ओलावा ती शोषून घेते. आर्कमध्ये तापमान सहा हजार अंशांच्या घरात जातं. तिथे पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रोजन सुटा होतो आणि वितळलेल्या पोलादात विरघळतो. पातळ पोलादात त्याला ऐसपैस जागा मिळते. पोलाद थिजलं की ती एकदम आक्रसते. मग हे इवलेसे अणू घन धातूच्या आतून वाट काढत सरकतात आणि जिथे ताण आहे, जिथे धातू कडक झाला आहे, तिथे गोळा होतात.

ही कडक जागा बहुतेकदा सांध्याच्या शेजारी असते. लोहार कोयत्याला पाणी पाजतो तेव्हा लालभडक पातं एका क्षणात निवतं, कडक होतं आणि ठिसूळही. वेल्डच्या कडेची काही मिलिमीटरची पट्टी अशीच झटक्यात निवते. तिथे पाणी नसतं, पण बाजूची थंड, जाड प्लेट तिची उष्णता तितक्याच झपाट्याने ओढून घेते. लोहार नंतर पात्याला पुन्हा मंद ताव देऊन ठिसूळपणा उतरवतो. वेल्डच्या कडेला तसा ताव आपोआप मिळत नाही.

म्हणून हा इंजिनिअर आर्क पेटण्याआधी प्लेटचं मिल सर्टिफिकेट मागतो. कार्बन किती, मँगनीज किती, क्रोमियम-मॉलिब्डेनम किती, हे पाहून तो एक बेरीज करतो. मँगनीजला सहाने भागायचं, क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियमला पाचाने, निकेल आणि तांब्याला पंधराने, आणि सगळं कार्बनमध्ये मिळवायचं. हा आकडा ०.४५ च्या पुढे गेला आणि प्लेटही जाड असली, तर ती आधी गॅसच्या ज्योतीने तापवायची. पुरेशी तापली का, हे पाहायला ठरावीक तापमानाला वितळणारा खडू असतो. त्याची रेघ वितळली, की मग काम सुरू.

एवढं करूनही तो थांबायला सांगतो, कारण हायड्रोजनचा तडा लगेच येत नाही. काही तासांनी येतो, कधी दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी निर्दोष दिसलेला सांधा रात्री शेड बंद असताना फुटू शकतो. त्यामुळे अशा पोलादाची अल्ट्रासॉनिक तपासणी बऱ्याचदा ४८ तासांनंतरच करायची असते. दारात ट्रक उभा असताना ‘परवा’ म्हणायला ज्ञान लागतं, आणि अधिकारही लागतो.

यात वेल्डरचं कसब कुठेही कमी होत नाही. ४५ अंशांत तिरक्या बांधलेल्या, न फिरणाऱ्या पाइपभोवती स्वतः वाकून-वळून सांधा पुरा करायचा, ही ६जी परीक्षा ज्याने दिली त्याच्या हाताला मी मनापासून मानतो. पण कितीही तयार हाताला हायड्रोजन जाणवत नाही.

१९८० च्या २७ मार्चला उत्तर समुद्रातल्या नॉर्वेच्या एकोफिस्क तेलक्षेत्रात ‘अलेक्झांडर किएलँड’ या तरंगत्या प्लॅटफॉर्मच्या पाच पायांपैकी एक तुटला. वीस-बावीस मिनिटांत प्लॅटफॉर्म उलटला. २१२ जणांपैकी १२३ जण गेले. चौकशीचा माग एका आडव्या नळीवरच्या ६ मिलिमीटरच्या वेल्डपाशी पोहोचला. पाण्यातले ध्वनिसंकेत टिपणाऱ्या उपकरणाचा आधार त्या वेल्डने जोडला होता. भार पेलणारा भाग म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. त्या वेल्डमधून निघालेली भेग लाटांच्या माराने नळीत वाढत गेली. तड्याच्या आत रंगाचे अंश सापडले. म्हणजे प्लॅटफॉर्म रंगवला गेला तेव्हाच तिथे तडा होता.

आपल्या शेडमध्येही अशी ‘किरकोळ’ वेल्डिंग रोज होतात. क्रेनने उचलण्यासाठी जॉबला तात्पुरता कान जोडतात आणि काम झालं की हातोड्याच्या दोन घावांत पाडतात. इंजिनिअर तो कान पाडू देत नाही. गॅसने थोडा वर कापायला लावतो, उरलेला भाग ग्राइंडरने सपाट करवतो. मग त्या जागेवर लाल डाय मारून, पुसून, पांढरा डेव्हलपर फवारतो आणि काही मिनिटं उकिडवा बसून त्या पांढऱ्या डागाकडे बघत राहतो, लाल रेघ उमटते का ते.